आमच्या शाळेतला घानाचा दरबार

"कुठून कळलं?"

हे दोन शब्द उच्चारताना आमचे मुख्य गुरुजी टेबलावर पंजा आपटत. टेबल शाळेचं, एका पायाखाली वीट. आपटलं की दौत उडायची आणि हजेरीपटावर शाई सांडायची. त्या वर्षांतल्या हजेरीपटाचं एकही पान डागाशिवाय नव्हतं. पोर म्हणालं, "गुरुजी, नदीला पूर आलाय," की पंजा. "कुठून कळलं? पाहिलंस की ऐकलंस?" चुडाव्याचा स्टेशनमास्तर म्हणाला, "आज पॅसेंजर दोन तास लेट," की पंजा, तिकिटाच्या खिडकीवर. एकदा त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "सरपणात विंचू आहे." यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "कुठून कळलं?" "चावला म्हणून," त्या म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःच मला हसत हसत सांगितलं होतं. नंतर चार दिवस भाजी अळणी मिळाली, तेही सांगितलं.

आता गावाने शाळेचा मोठा सोहळा मांडलाय. मला निरोप आला, तुम्ही जुने, त्या गुरुजींच्या चार गोड आठवणी लिहून द्या. माझं डोकंच फिरलं. गोड लिहायला मी काही हलवाई नाही. ज्या गावाने त्या माणसाला दीड महिन्यात तणासारखं उपटून बांधाबाहेर टाकलं, त्या गावाला आता गोड आठवणी हव्यात. आणि हव्यात कोणाकडून, तर माझ्याकडून! मंडळी, तुमच्याही शाळेत असा एखादा माणूस होऊन गेला असेल. त्याच्याशी तुम्ही कसे वागलात ते आठवत वाचा.

आमचं गाव चुडावा स्टेशनापासून कोसभर आत. राज्य निजामाचं, वर्षं दुसऱ्या मोठ्या लढाईची. शाळेत मास्तर दोनच. ते मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली. मी गणित शिकवायचो आणि ते बाकी सगळं. हैदराबादेत शिकलेले, उर्दू-फारसी पाणी प्यावं तशी बोलणारे. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, तिची दोन बटणं बाकीच्यांहून वेगळी, आणि खिशात कायम भुईमुगाच्या शेंगा. त्यांच्या मागे टरफलांची वाट पडलेली असायची. ते कुठे गेलेत ते त्यावरून कळे.

त्या वर्षी भूगोलाचं नवं पुस्तक आलं. त्यात आफ्रिकेवर अर्धं पान होतं. तिथले लोक रानटी, त्यांना राजा नाही, कायदा नाही, बाहेरच्यांनी जाऊन शिकवलं तेवढंच त्यांना कळतं. चौथीच्या पोराने हे मोठ्याने वाचलं आणि पंजा असा काही आपटला की टेबलाखालची वीट सरकली.

"कुठून कळलं? लिहिणारा गेला होता का तिथं?"

पोरगं बिचारं रडकुंडीला आलं. त्याला वाटलं, पुस्तक त्यानेच लिहिलंय.

पुढच्या सुट्टीत ते हैदराबादेला गेले आणि उर्दूतली दोन जाड पुस्तकं घेऊन आले. अरबांनी लिहिलेल्या जुन्या हकिकतींची भाषांतरं. स्टेशनापासून चालत येताना ती डोक्यावर घेतली होती, कारण एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात शेंगा. आल्या आल्या मला म्हणाले, "मास्तर, हजार वर्षांपूर्वी त्या लोकांची जी राज्यं होती ना, ती वाचून मला आपली लाज वाटायला लागली."

मला वाटली नाही. मी म्हणालो, "परीक्षेत येणार नाही."

"मग शिकवायलाच पाहिजे," ते म्हणाले.

आणि शिकवलं. कसं ते सांगतो, कारण तसं शिकवताना मी पुन्हा कोणाला पाहिलं नाही. शाळेच्या अंगणात त्यांनी पोरांकडून आफ्रिकेचा पश्चिम भाग आखून घेतला. वर वाळवंट, तिथे पोरांनी घरून आणलेलं मीठ पसरलं. खाली जंगल, तिथे सोन्याच्या जागी हळद. मधला गवताळ पट्टा मोकळा ठेवला आणि त्यात स्वतः मांडी घालून बसले.

"वर मीठ आहे, सोनं नाही. खाली सोनं आहे, मीठ नाही. चुडाव्याच्या स्टेशनावर काय होतं रे? मीठ उतरतं, कापूस चढतो. आणि मधे कोण बसलेला असतो?"

"करोडगिरीचा कारकून!" पोरं ओरडली. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. त्या कारकुनाला गावातलं तान्हं पोरसुद्धा ओळखायचं.

"तोच. घानाचं राज्य असं उभं राहिलं. आधी तिथं वेगवेगळ्या कुळांची गावं होती. पेरणारी, गुरं राखणारी. वाळवंटातले घोडेस्वार येऊन लुटायचे. मग कुळं एका मुखियाखाली गोळा झाली. त्यांच्याकडे लोखंडाची हत्यारं होती. वाट राखली. वाट राखली म्हणून जकात घेतली. मिठाचं गाढव आत आलं की एक मोहर, बाहेर गेलं की दोन. सोन्याचा खडा सापडला तर राजाचा, सोन्याची भुकटी ज्याची त्याची. खडेही बाजारात आले असते तर सोनं मातीमोल झालं असतं."

मग पंजा जमिनीवर. "हे कुठून कळलं? एका अरबाने लिहिलंय. तो स्वतः तिथं गेलाच नव्हता! दूर देशी बसून व्यापाऱ्यांना विचारून लिहिलं. म्हणून जपून ऐका."

असं स्वतःच्याच पुस्तकाला दरडावणारा मास्तर पाहिलाय तुम्ही?

पोरांना सगळ्यात आवडलं ते राजाच्या गादीचं. तिथे मुलगा गादीवर बसत नसे, बहिणीचा मुलगा बसे. हे ऐकून अर्धी पोरं आपापल्या मामाचं काय काय आपल्याला मिळेल याची मोजदाद करायला लागली. राजाचा धर्म एक, प्रधान बहुतेक दुसऱ्या धर्माचे, दोघांची दोन शहरं शेजारी शेजारी. हे सांगताना ते आवाज उतरवत नसत. मी मात्र दाराकडे बघायचो, बाहेर कोणी उभं नाही ना. नंतर मालीचं राज्य आलं. त्याचे सुभे, सुभ्यांवरचे अंमलदार, निर्धोक रस्ते. परका माणूस तिथे मेला तर त्याचा वारस येईपर्यंत त्याच्या चीजवस्तूला कोणी हात लावत नसे. हे ज्याने लिहिलं तो मात्र स्वतः जाऊन आला होता. "आणि हेही लिहून घ्या," ते म्हणायचे, "राजासमोर बोलताना माणसं स्वतःच्या डोक्यावर माती टाकून घ्यायची. गुलाम होते. विकायचे. चांगलं तेवढंच सांगितलं तर मग त्या पुस्तकवाल्यात आणि आपल्यात फरक काय?"

या सगळ्या मिठा-हळदीपायी शाळेत पहिली तक्रार आली. गयाबाई नावाची बाई तणतणत आली. तिची मुलगी दुसरीत होती. नवरा किसन चार एकराचा शेतकरी.

"गुर्जी, माज्या घरातलं मीठ आफ्रिकेला कशापायी गेलं?"

मिठाची तेव्हा टंचाई होती. गुरुजी उठले, अंगणातलं वाळवंट परातीत भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. त्यात खडे होते. ती हसली. "ऱ्हाऊ द्या तुमचं राज्य," म्हणाली, आणि रिकाम्या हाताने परत गेली. जाताना विचारलं, "त्या मुलखात बायाबापड्यांचं कोन ऐकतं?"

त्या एका प्रश्नाने सगळं सुरू झालं.

पुस्तकात लिहिलं होतं, घानाचा राजा लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचा तेव्हा मोठा ढोल वाजायचा. ढोल वाजला की कोणीही यावं. गुरुजींनी ठरवलं, आपल्या शाळेत हे करून बघायचं. तेव्हा शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी शेवटच्या तासाला दरबार. कोणाच्या तरी घरचं जुनं डफ मिळालं. पोरांमधला एक राजा, दर आठवड्याला वेगळा. राजाच्या दाराशी सोन्याचे पट्टे घातलेली कुत्री असायची म्हणे, तर आमच्या दाराशी गावातलं एक खरजुलं कुत्रं झेंडूची माळ घालून बसायचं. माळ खायचं आणि जायचं. दरबाराचा नियम एकच. डफ वाजलं की जो येईल त्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय राजाने उठायचं नाही.

पहिल्या गुरुवारी पाटीपेन्सिलीचा खटला झाला. दुसऱ्या गुरुवारी दगडू नावाचा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "माजं गनित बरोबर हुतं. तरी मास्तरनी बोटाच्या सांध्यावर पट्टी मारली."

मास्तर म्हणजे मी.

मी गुरुजींकडे पाहिलं. वाटलं, हसून विषय बदलतील. ते खाली मान घालून शेंग सोलत होते. राजाने पाटी मागवली, गणित तपासलं. बरोबर होतं. दहा वर्षांच्या त्या राजाने तीस पोरांसमोर सांगितलं, मास्तरनी माफी मागावी. मी मागितली. शाळा सुटल्यावर गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज तुम्ही माझ्यापेक्षा मोठं काम केलंत." मला तो हात झटकून टाकावासा वाटला. माझे कान जळत होते. ती आग मी विझू दिली नाही, जपून ठेवली. आज इतक्या वर्षांनी कबूल करायला काय जातंय?

महिन्याभरात मोठी माणसं यायला लागली. एका म्हातारीची शेळी कोंडवाड्यात घातलेली. दोन भावांचा बांध. गुरुजी हात जोडून सांगायचे, "अहो, हा पोरांचा खेळ आहे." पण माणसं ऐकेनात. त्यांना निकाल नकोच होता. कोणीतरी मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकतं, एवढ्यासाठी ती शेत टाकून यायची. इथे गुरुजींची चूक झाली, मी अजूनही म्हणतो. ज्या गावात ऐकणारं कोणी नाही, तिथे असा खेळ मांडायचा नसतो.

मग एका गुरुवारी गयाबाई आली. या वेळी तणतणत नाही, पदर तोंडाला लावून.

तुम्हाला वेठ माहीत असेल. नसेल तर नशीबवान आहात. साहेब दौऱ्यावर आला की गावाने गाड्या द्यायच्या, बैल द्यायचे, कोंबड्या, दूध, चारा, आणि वर माणसं राबायला, सगळं फुकट. आमच्याकडे ही वेठ गोळा करायचं काम देशमुखाचं. किसनचं रान वाफशावर आलं होतं, पेरायला हवी तेवढीच ओल धरून होतं. दोन दिवसांत पेरलं नाही तर वर्ष गेलं. तो देशमुखाच्या माणसांना म्हणाला, परवा येतो, आज पेरू द्या. त्यांनी त्याला बैलांसकट नेलं आणि गढीतल्या कडब्याच्या कोठ्यात कोंडलं.

"आठ दिस झाले, गुर्जी. भाकर घिऊन जाते तर दारातूनच हाकलायलेत. आत मारायलेत म्हनं त्याला. वराडतंय ते ऐकू येतंय वाटंवरून."

तिने सगळं सांगितलं. पोरगा राजा रडायला लागला. कुठून कळलं, असं विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गुरुजी फक्त म्हणाले, "बाई, हा पोरांचा दरबार आहे."

"मंग खरा कुटं भरतोय?"

 त्या संध्याकाळी त्यांनी उर्दूत अर्ज लिहिला आणि स्वतः तालुक्याला जाऊन दिला. दोन दिवसांनी परत गेले. चौथ्या दिवशी परत. अर्ज दप्तराच्या कुठल्या तरी रुमालात बांधून पडला होता. तिथल्या कारकुनाने सल्ला दिला, "मास्तर, शाळा बघा." मीही तोच सल्ला दिला. ते माझ्यावर भडकले. "शाळाच बघतोय! आणखी काय बघतोय?"

अशात मोहतमीमसाहेबांची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्यांची, वर्दी आली. मराठवाड्याबाहेरचे गृहस्थ, मराठीचा गंध नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने यायचे होते. शाळा सारवली, तोरणं लावली. देशमुख स्वतः शाळेत आला आणि म्हणाला, "सायेबाला वाजवत आनायचं. तुमचं ते डफ काडा." गुरुजी म्हणाले, "ते गुरुवारचं डफ आहे." देशमुख हसला. "डफाला काय वार असतोय व्हय?"

सोमवारी बैलांच्या दमणीतून साहेब आले आणि शाळेच्या दारात डफ वाजलं. साहेब खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत देशमुख, समोर धुतलेल्या कपड्यांतली पोरं. डफ थांबलं आणि गयाबाई आत आली.

देशमुख अर्धा उठला. "ए बाई, भाईर व्हय! सायेब आलेत, दिसंना का?"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गुरुजींना म्हणाली, "आज सोमवार हाय, मला ठावं हाय. पर डफ तर वाजलंय न्हवं? वाजलं की ऐकायचं, असं तुमीच म्हनलात. एकोनीस दिस झाले, गुर्जी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. शेजारी उभे राहा, एवढंच. मी पोरांची रांग नीट करायला लागलो.

मग ते एकटेच पुढे झाले. भाषांतराची परवानगी मागत साहेबांना उर्दूत म्हणाले, "हुजूर, ये औरत फरियाद लेकर आई है. इजाजत हो तो तर्जुमा करूं."

साहेब म्हातारे होते, चष्म्यातून बघत म्हणाले, "कीजिए."

ती बोलत गेली आणि ते उर्दूत सांगत गेले. एक वाक्य तिचं, एक त्यांचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. वाफसा म्हणजे काय तेही समजावलं. मधे तिने देशमुखाला एक शिवी हासडली. त्या शिवीचं उर्दू त्यांना क्षणभर सापडेना. मग सापडलं आणि त्यांनी तीही अदबीने हुजुरांना सादर केली. मागच्या रांगेतली दोन पोरं खिदळली. देशमुखाचं तोंड तांबडंलाल झालं.

"हुजूर, पागल है ये," देशमुख म्हणाला. "और ये मास्टर अपनी तरफ से मिला रहा है." मग गुरुजींकडे वळून मराठीत, दात आवळून, "सरकारचं मीठ खाता आन् सरकारवरच उलटता?"

साहेबांनी हात वर केला. माझ्याकडे वळले. "आप भी यहां मुदर्रिस हैं. बताइए, तर्जुमा सही है?"

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. गयाबाईला प्रश्न कळला नव्हता, पण काहीतरी माझ्यावर येऊन थांबलंय एवढं कळलं होतं. तिने माझ्यापुढे हात जोडले. "हो" एवढा एक शब्द पुरला असता. मी सातवीपर्यंत उर्दूतूनच शिकलो होतो. त्या शाळेत मला बक्षीस मिळालं होतं.

मी म्हणालो, "हुजूर, मुझे उर्दू इतनी नहीं आती."

हे वाक्य मी अगदी स्वच्छ उर्दूत बोललो. साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. गुरुजींना दरबाराबद्दल विचारलं आणि गुरुजींनी घाना सांगितला, मीठ, सोनं, ढोल, सगळं, जणू तपासणी त्याचीच होती. साहेब मान हलवत ऐकत राहिले. पण जेवायला गढीवरच गेले. कोंबडी वेठीचीच होती.

चार दिवसांनी किसनला सोडलं. साहेबांनी वर कोणाला चिठ्ठी लिहिली की देशमुखालाच भीती वाटली, मला आजवर कळलेलं नाही. चार माणसांनी त्याला बाजेवर घालून घरी नेलं. रानाचा वाफसा केव्हाच उडून गेला होता. गुरुजी त्याच्या घरी जाऊन बसले, त्याच्या पायाला शेक देत. घराच्या दारापासून शाळेपर्यंत टरफलं पडलेली मी पाहिली.

आणि गाव? गावाने काय केलं ते लिहितो, छापा तुमच्या सोहळ्याच्या पुस्तकात. पुढच्या गुरुवारी डफ वाजलं तेव्हा कोणी आलं नाही. म्हातारी आली नाही, भाऊ आले नाहीत. पोरंही आई आजारी आहे, बैल सुटलाय, अशी कारणं सांगून निघून गेली. देशमुखाने कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. ज्यांचं ज्यांचं त्या माणसाने ऐकून घेतलं होतं, ते सगळे रस्त्यात त्याला पाहून दुसरीकडे वळायला लागले. माकडं बरी, निदान उघड वाकुल्या दाखवतात.

पंधरवड्याने देशमुख माझ्या घरी आला. त्याच्याकडे लिहून आणलेला कागद होता, उर्दूत. शाळेत राजाविरुद्ध शिकवलं जातं, पोरांना खोट्या राजाचे मुजरे करायला लावतात, गावात फितूर माजवतात. खाली माझी सही हवी होती. मुख्य मास्तराची जागा मोकळी होईल, असंही तो सहज बोलला. मी भीतीने सही केली, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. टाक हातात घेतला तेव्हा मला दगडूचं गणित आठवलं, तीस पोरं आठवली, आणि मी सही जरा लफ्फेदारच केली.

महिन्याभरात बडतर्फीचा हुकूम आला. गुरुजी शाळेच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आले. हुकूम देताना तालुक्याला माझ्या सहीचा तो कागद त्यांना दाखवला होता. मी मनात दहा उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं उर्दू चांगलं आहे की. सहीचं अक्षर तर फारच सुरेख." आवाज चढवला नाही. टेबलावर पंजा आपटला नाही. आपटला असता तर मला सोपं गेलं असतं. सकाळच्या पॅसेंजरने बायकोला घेऊन गेले. त्यांची ट्रंक गयाबाईने डोक्यावरून स्टेशनापर्यंत नेली असं म्हणतात. मी गेलो नव्हतो.

पुढे ते कुठे गेले, कोणाला माहीत नाही. कोणी म्हणे मनमाडला शिकवणी घेतात, कोणी म्हणे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या छावणीत दिसले. निजामाचं राज्य गेलं. देशमुखाने रातोरात टोपी बदलली आणि शाळेच्या नव्या इमारतीची कोनशिला त्याच्याच हाताने बसली. त्या वेळी त्याने न्यायावर भाषण केलं आणि मी मुख्य मास्तर म्हणून त्याला हार घातला. आता सोहळ्यात त्याचा फोटो लागणार आहे. गुरुजींचा एकही फोटो कोणाकडे नाही. माझा संताप होतो तो याच सगळ्याचा. पण त्याहून एका गोष्टीचा जास्त होतो, तेवढी सांगतो आणि थांबतो.

ते गेल्यावर आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ. मी त्यांच्या खुर्चीत बसून पाढे घेत होतो. दारात किसन उभा होता. काठीवर सगळा भार, एक पाय वाकडा पडत होता. घरातून निघून चार ठिकाणी बसत बसत आला होता.

"गुर्जी गावाहून आले का माघारी?"

"कायमचे गेले," मी म्हणालो. "बदली झाली."

तो उंबऱ्यावर टेकला. 

"मला माज्या पायानं यिऊन गाठ घ्यायची हुती. जाग्यावरून उटताच येईना. आज जरा पाय टेकाया लागला." मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "तुमीबी हुता म्हनं तितं, सायबाम्होरं. आमची गया सांगत हुती, दोगंबी मास्तर सायबाशी बोलले म्हनून."

"होतो," मी म्हणालो.

त्याने काठी भिंतीला टेकवली. वाकडा पाय हाताने धरून बाजूला सारला, दोन्ही हात जमिनीवर टेकले, सरपटत माझ्या खुर्चीपाशी आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.